परदेशातल्या नोकरीची वर्षं आणि पेन्शन: सामाजिक सुरक्षा करार, पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

जर्मनीत तीन-चार वर्षं नोकरी करून परत आलेल्या माणसाला "तिकडे पेन्शनसाठी कापलेले पैसे विसरून जा" हा सल्ला आजही हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्याची माहिती बहुतेक वेळा जुनी असते. भारत-जर्मनीचा पहिला सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाला. तो कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या लोकांची दुहेरी कपात थांबवण्यापुरताच होता. १ मे २०१७ पासून व्यापक करार लागू झाला आणि दोन्ही देशांतली नोकरीची वर्षं एकत्र मोजता येऊ लागली. २०१२ मध्ये परत आलेल्याला तेव्हा मिळालेलं उत्तर आज लागू असेलच असं नाही. असे करार साधारणपणे जुनी वर्षंही मोजणीत धरतात, फक्त करार लागू होण्याआधीच्या काळाची थकबाकी देत नाहीत. म्हणून पूर्वी एकदा चौकशी करून सोडून दिलेल्यांनी पुन्हा बघावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

सध्या बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, डेन्मार्क, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, हंगेरी, फिनलंड, स्वीडन, झेक प्रजासत्ताक, नॉर्वे, ऑस्ट्रिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, पोर्तुगाल आणि ब्राझील या देशांशी भारताचे करार लागू आहेत. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची पेन्शन योजना वेगळी असल्यामुळे त्याच्याशी स्वतंत्र करार आहे. यातला सर्वांत जुना बेल्जियमचा, सप्टेंबर २००९ पासूनचा. ब्राझीलचा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. अमेरिकेशी करार नाही. तिथे पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी कापली जाते, आणि पेन्शनसाठी लागणारी ४० क्रेडिट्स, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, तिथेच पूर्ण करावी लागते. आखाती देशांशीही करार नाही.

ब्रिटनबद्दल खूप विचारणा होते. २४ जुलै २०२५ ला व्यापार करारावर सह्या झाल्या आणि त्याच्या जोडीला दुहेरी वर्गणी टाळण्याचा करारही ठरला. त्यात तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्याची दुहेरी कपात टळते, पण वर्षांची बेरीज होत नाही. तो कोणत्या तारखेपासून आणि किती काळासाठी लागू आहे हे ईपीएफओच्या, म्हणजे आपला पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, परिपत्रकात बघूनच ठरवा, बातमीच्या मथळ्यावर विसंबू नका.

कंपनीने पाठवलंय की तिकडे जाऊन नोकरी धरलीय?

पुढचं सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. भारतातल्या कंपनीच्या पगारपत्रकावर राहून ठरावीक मुदतीसाठी गेला असाल, तर इथला पीएफ चालू ठेवून तिथल्या कपातीतून सूट मिळते. ही सूट ज्या कागदावर मिळते तो म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, सगळे ज्याला सीओसी म्हणतात. तिकडच्या कंपनीचं नेमणूक पत्र घेऊन, तिच्याच पगारावर काम करत असाल तर सीओसी मिळत नाही. तिथली वर्गणी भरावीच लागते. मात्र त्या वर्गणीची वर्षं पुढे पेन्शनच्या मोजणीत येतात. कित्येक जण पहिली दोन वर्षं कंपनीतर्फे जातात आणि मग तिथल्याच शाखेच्या पगारावर जातात. अशा वेळी सीओसी त्या दिवसापासून चालत नाही, हे एचआरला लेखी कळवा.

सीओसीची मुदत करारागणिक बदलते. बहुतेक देशांसाठी ती ६० महिने आहे, स्वित्झर्लंडसाठी ७२, आणि जर्मनीसाठी ४८, जी पुढे १२ महिन्यांनी वाढवता येते. मुदतवाढीला दोन्ही देशांची संमती लागते. त्यामुळे सीओसी संपायच्या तीन-चार महिने आधी अर्ज गेलेला बरा.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. सीओसी दाखवली म्हणजे सगळ्याच कपाती थांबतात असं नाही. जर्मनीत पेन्शन विमा आणि बेरोजगारी विम्यातून सूट मिळते, आरोग्य विमा मात्र घ्यावाच लागतो. जपानमध्ये पेन्शनमधून सूट आहे, आरोग्य विम्यातून नाही. तरीही वाचणारी रक्कम थोडी नसते. जर्मनीत पेन्शन विम्याची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के असते, निम्मी कर्मचाऱ्याची आणि निम्मी कंपनीची.

सीओसीचा अर्ज

अर्ज ईपीएफओच्या संकेतस्थळावर, आंतरराष्ट्रीय कामगारांच्या विभागात ऑनलाइन भरायचा असतो. तुम्ही पीएफचे सदस्य असायला हवं, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, चालू हवा, केवायसी पूर्ण हवं आणि परदेशात असताना कंपनीने इथली वर्गणी दर महिन्याला भरत राहायला हवं. पगार जास्त म्हणून पीएफमध्ये नावच नोंदवलेलं नसेल तर आधी सदस्य व्हावं लागतं.

अर्जात पासपोर्ट क्रमांक, भारतातल्या कंपनीचा पीएफ कोड, परदेशातल्या कंपनीचं नाव-पत्ता आणि नेमणुकीच्या सुरुवातीची व शेवटची तारीख लागते. अर्जावर तुमची सही आणि कंपनीच्या अधिकृत व्यक्तीची सही-शिक्का हवा. सोबत नेमणुकीचं पत्र तयार ठेवा, आणि त्यातल्या तारखा व अर्जातल्या तारखा एकच आहेत ना, ते एकदा ताडून बघा. तपासणी तुमच्या कंपनीचं खातं ज्या पीएफ कार्यालयात आहे तिथे होते. विमानात बसण्याआधी सीओसी हातात हवी. तिकडे पगार सुरू झाल्यावर ती मिळाली, तर मधल्या महिन्यांची कपात परत मिळवताना दमछाक होते.

अर्ज सगळ्यात जास्त अडतो तो नावावर. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आधारवर भलताच क्रम. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचा पीएफ माहेरच्या नावाने असतो आणि पासपोर्ट सासरच्या. ही दुरुस्ती पीएफमध्ये जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कर्मचारी आणि कंपनी यांचं संयुक्त निवेदन, भरून होते, आणि ती सीओसीच्या अर्जाआधी करायची असते. वीस वर्षांनी परदेशातलं कार्यालय जेव्हा नोंद शोधतं, तेव्हा हे नाव आणि जन्मतारीख जुळावी लागते.

वर्षांची बेरीज

आपल्या कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस १९९५ मध्ये, मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. जपानमध्येही किमान दहा वर्षं लागतात, जर्मनीत पाच. समजा एका इंजिनिअरची भारतात ईपीएसची सात वर्षं झाली आणि जपानी कंपनीच्या पगारावर चार. सुटं बघितलं तर दोन्हीकडे अपात्र. भारत-जपान करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू असल्यामुळे सात अधिक चार अशी अकरा वर्षं धरून दोन्हीकडे पात्रता येते. पैसे मात्र प्रत्येक देश आपल्याकडच्या वर्षांपुरतेच देतो: भारत सातांचे, जपान चारांचे. एकच महिना दोन्हीकडे नोंदवलेला असेल तर तो दोनदा मोजत नाहीत.

आता खरी काळजीची गोष्ट. जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर परदेशी माणसाला वर्गणीची एकरकमी रक्कम मिळू शकते. ती घेतली की जपानची ती चार वर्षं कायमची पुसली जातात. इकडे सेवा दहा वर्षांहून कमी असेल तर ईपीएसमधलेही पैसे फॉर्म १० सी भरून काढता येतात, आणि ते काढले की इथली सात वर्षंही गेली. परत आल्यावर घराच्या हप्त्यासाठी दोन्हीकडचे पैसे काढणारे बरेच असतात. गरज असेल तर काढावेत, तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण काय सोडतो आहोत हे समजून काढावेत. त्याच फॉर्म १० सी वर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं आणि त्याने सेवा शाबूत राहते. हा पर्याय फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून मुद्दाम ठळकपणे सांगतोय.

स्वित्झर्लंडचा प्रकार निराळा आहे. त्या करारात वर्षांची बेरीज नाही. देश कायमचा सोडल्यावर भरलेली वर्गणी परत मागता येते. कॅनडात वृद्धापकाळाची ओएएस पेन्शन देशाबाहेर मिळवायला वयाच्या अठराव्या वर्षानंतरचं २० वर्षांचं वास्तव्य लागतं. तिथे भारतातली वर्षं करारामुळे उपयोगी पडतात.

आधी आपलं पीएफचं पासबुक उघडून बघा. पेन्शनच्या रकान्यात दरमहा १,२५० रुपये दिसत असतील तर तुम्ही ईपीएसमध्ये आहात. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि मूळ पगार १५,००० रुपयांहून जास्त असलेल्यांच्या त्या रकान्यात शून्य असतं. ते ईपीएसचे सदस्यच नसल्यामुळे भारताच्या बाजूने त्यांना ईपीएसची पेन्शन मिळत नाही.

पेन्शनचा अर्ज

करार असलेल्या देशाची पेन्शन मागायला तिकडे जावं लागत नाही. भारतात राहत असाल तर ईपीएफओमार्फत अर्ज जातो. प्रत्येक कराराचे फॉर्म वेगळे असतात. ईपीएफओ तुमच्या इथल्या सेवेचा कालावधी प्रमाणित करून तिकडच्या संस्थेला कळवते आणि तिकडून तिथला कालावधी येतो. भारतीय पेन्शनसाठी नेहमीचा फॉर्म १० डी असतोच.

जोडायला पासपोर्ट लागतो, आणि शक्यतो ज्या पासपोर्टवर तिकडचा व्हिसा होता तो जुना पासपोर्टही. त्याशिवाय बँकेचा तपशील, जन्मतारखेचा पुरावा, आणि सर्वांत महत्त्वाचा, त्या देशातला तुमचा क्रमांक: जर्मनीचा पेन्शन विमा क्रमांक, जपानचा मूळ पेन्शन क्रमांक, कॅनडाचा सोशल इन्शुरन्स नंबर. जपान सोडताना हा क्रमांक लिहिलेलं पत्रक कचऱ्यात टाकू नका. पगाराच्या चिठ्ठ्या आणि वर्षअखेरचे वर्गणीचे दाखलेही जपून ठेवा. कंपनी बुडाली किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तर नोंद सिद्ध करायला तेवढाच आधार उरतो.

निकाल यायला वेळ लागतो. पेन्शनचं वय व्हायच्या सहा महिने ते वर्षभर आधी अर्ज तयार ठेवा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. परदेशी पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला त्या संस्थेच्या स्वतःच्या फॉर्मवर पाठवावा लागतो. भारतातल्या पेन्शनसाठी दिलेलं जीवन प्रमाण तिकडे पोचत नाही.

पती किंवा पत्नीच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या जोडीदाराला कित्येक करारांखाली परदेशातलीही पेन्शन मागता येते. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि गेलेल्या माणसाचा तिकडचा क्रमांक. लग्नाची नोंदणी राहून गेली असेल तर ती आत्ताच करून घ्या, आणि तो क्रमांक घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू द्या.