सभेतली गर्जना आणि परराष्ट्र खात्याचा इशारा: दोन्ही कडक, पण एक नव्हेत

१९६३ साली नाशिकनं यशवंतराव चव्हाणांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. आदल्या नोव्हेंबरातच ते महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय, आणि तो सह्याद्री संसदेत नाशिकचा खासदार म्हणून बसला याचं इथल्या जुन्या मंडळींना अजून कौतुक आहे. पण ही धावपळ करायची वेळ आली त्या चीनबरोबरच्या युद्धाच्या आठच दिवस आधी दिल्लीत एक वाक्य बोललं गेलं होतं. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

१२ ऑक्टोबर १९६२. पंतप्रधान नेहरू कोलंबोला निघाले होते. नेफातल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या) सैन्याला काय हुकूम दिलेत, असं पत्रकारांनी विचारलं. आपला प्रदेश मोकळा करा असा हुकूम आहे. तारीख मी ठरवणार नाही, ते लष्करानं पाहायचं, अशा अर्थाचं उत्तर नेहरूंनी दिलं. छापून येईपर्यंत त्याचं ‘चिन्यांना हुसकावून लावा’ झालं. विरोधकांच्या रोजच्या टीकेनं गांजलेल्या सरकारला ते सोयीचंही होतं. दोनच दिवस आधी नामका चू नदीकाठी चकमक झाली होती आणि समोर किती फौज आहे हे आपल्या जवानांना कळून चुकलं होतं. पण ते विमानतळावरच्या वाक्यात कुठे दिसणार? बीजिंगच्या सरकारी वर्तमानपत्रानं दोन दिवसांत त्या वाक्यावर अग्रलेख लिहिला. २० ऑक्टोबरला हल्ला झाला.

नेहरूंच्या वाक्यामुळे युद्ध झालं, असं म्हणणं चूक ठरेल. चीनची तयारी आधीपासून सुरू होती. पण ‘भारतच चढाई करणार होता’ असं जगाला सांगायला त्यांना आयता पुरावा मिळाला. आता ते वाक्य नेमकं होतं काय? चीनला दिलेला इशारा म्हणावं, तर चीननं काय केलं की आपण थांबू, हे त्यात नव्हतं. घरच्या लोकांसाठी केलेली गर्जना म्हणावी, तर ती ऐकणारे फक्त घरचे नव्हते.

गर्जना आणि इशारा यांच्यात गल्लत होते ती दोन्ही कडक शब्दांत असतात म्हणून. वर्तमानपत्रात मथळाही सारखाच येतो: अमक्यानं तमक्या देशाला ठणकावलं. पण गर्जनेचा श्रोता समोर बसलेला असतो, अनंत कान्हेरे मैदानावर असो की लाहोरच्या एखाद्या मैदानावर. ती लागू पडली की नाही हे टाळीवर तिथल्या तिथे ठरतं. इशाऱ्याचा श्रोता सीमेपलीकडच्या एखाद्या कार्यालयात असतो, आणि इशारा लागू पडला की काहीच घडत नाही. समोरचा थांबतो, बातमी होत नाही. म्हणून यशस्वी इशारे आपल्याला आठवतही नाहीत.

देवळालीच्या फायरिंग रेंजजवळ राहणाऱ्यांना हा फरक सोदाहरण ठाऊक आहे. तोफांचा आवाज पार लांबपर्यंत येतो, पण त्या आवाजावरून कुठे जावं नि कुठे जाऊ नये हे कळत नाही. ते कळतं सरावाआधी निघणाऱ्या नोटिशीवरून: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक हद्द, या काळात गुरं घेऊन आत येऊ नये. खाली सही असते, १९३८च्या कायद्याचा आधार असतो. नोटिशीचा आवाज शून्य, पण माणूस तिच्यामुळे वाचतो. राजनैतिक इशाराही असाच असतो: कुणाला, कशाबद्दल, कोणती रेषा ओलांडली तर, आणि मागे फिरायचं असेल तर कुठून.

अलीकडचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पाण्याचं आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ला भारतानं सिंधू जलकरार स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं. १९ सप्टेंबर १९६०ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सही केलेला हा करार १९६५, १९७१ आणि कारगिल अशा तिन्ही वेळी टिकला होता. त्यानंतरच्या दोन दिवसांत दोन्ही देशांतून चार गोष्टी बोलल्या गेल्या. त्या शेजारी शेजारी मांडल्या की गर्जना कुठली आणि इशारा कुठला, हे लगेच कळतं.

भारताच्या जलसंपदा सचिवांनी पाकिस्तानी सचिवांना रीतसर पत्र पाठवलं. सरकारच्या जाहीर निवेदनात स्थगितीची मुदतही होती: सीमेपलीकडच्या दहशतवादाला असलेला पाठिंबा पाकिस्तान विश्वास बसेल अशा रीतीनं आणि कायमचा सोडेपर्यंत. म्हणजे अट आहे, आणि अटीतच परतीची वाटही आहे. ‘रद्द’ म्हटलेलं नाही. दुसरीकडे केंद्रीय जलशक्ती मंत्री म्हणाले की पाण्याचा एक थेंबही पाकिस्तानात जाऊ देणार नाही. सिंधू, झेलम आणि चिनाब अडवायला लागणारी धरणं आज नाहीत. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर दर दुष्काळात भांडणाऱ्या नाशिककराला, साठवायला जागा नसेल तर पाणी अडत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिकडेही तेच. पाकिस्तानच्या राष्ट्रीय सुरक्षा समितीनं २४ एप्रिलला निवेदन काढलं: करारानुसार आमच्या वाट्याचं पाणी अडवण्याचा किंवा वळवण्याचा प्रयत्न झाला, तर ती युद्धाची कृती मानली जाईल. कडक आहे, पण नेमकं आहे. नुसतं पत्र पाठवणं म्हणजे युद्ध, असं त्यात म्हटलेलं नाही. पाणी प्रत्यक्ष अडवलं तर, असं म्हटलंय. दुसऱ्याच दिवशी सक्करच्या सभेत बिलावल भुट्टो म्हणाले की या नदीतून एकतर आमचं पाणी वाहील नाहीतर त्यांचं रक्त. आपल्याकडच्या वाहिन्यांवर रात्रभर फिरलं ते हे रक्त. सुरक्षा समितीचं निवेदन चर्चेपुरतं उरलं. आणि त्यांच्याकडे फिरला तो आपल्या मंत्र्यांचा थेंब. दोन्ही देशांच्या जनतेनं एकमेकांच्या गर्जनाच तेवढ्या ऐकल्या.

२६ फेब्रुवारी २०१९चं बालाकोटनंतरचं निवेदन परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी वाचून दाखवलं आणि प्रश्न न घेता ते उठले. त्यातला प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला होता. ही ‘बिगरलष्करी’ प्रतिबंधात्मक कारवाई असल्याचं त्यात म्हटलं होतं. लढाऊ विमानांनी केलेल्या बॉम्बहल्ल्याला बिगरलष्करी म्हणायचं, हे ऐकून चौकाचौकांत लोक हसले होते. पण त्या शब्दाचा श्रोता रावळपिंडीत, पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयात होता. आम्ही तुमच्या सैन्यावर हल्ला केलेला नाही, तेव्हा सैन्यानं उत्तर द्यायलाच हवं असं नाही, एवढं त्यातून सांगायचं होतं. पाकिस्ताननं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलंच. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ बायसन पडलं. (या जातीच्या विमानांशी ओझरच्या विमान कारखान्याचं १९६४पासूनचं नातं होतं, तो कारखानाही त्या चिनी युद्धानंतरचाच.) पण १ मार्चला अभिनंदन परत आले आणि प्रकरण तिथं थांबलं. ते शब्दांमुळेच थांबलं, असा माझा दावा नाही. थांबायचं ठरवल्यावर दोघांनाही अंगावर न घेता थांबता आलं, यात शब्दांचा वाटा होता.

त्याच वर्षी एप्रिलच्या प्रचारात पंतप्रधान मोदींनी बाडमेरच्या सभेत विचारलं की आमचे अणुबॉम्ब काय दिवाळीसाठी ठेवलेत का. पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्यानं ताबडतोब हे बेजबाबदार असल्याचं म्हटलं. पुढे त्यांचेच रेल्वेमंत्री शेख रशीद आमच्याकडे पाव नि अर्धा पाव वजनाचेही अणुबॉम्ब आहेत, असं म्हणाले. जणू भाजी बाजारातली वजनं! या सगळ्यात भारताचं २००३चं लेखी अणुधोरण, आधी वार न करण्याच्या कलमासकट, तसंच राहिलं. कागद हलला नाही. पण गर्जना फुकट गेली असंही नाही. पाकिस्ताननं ती जगासमोर मांडली आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या लोकांना तिची सारवासारव करत बसावं लागलं. गर्जनेचा खर्च बहुतेक वेळा असा दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर पडतो.

उलटी गल्लत याहून महागात पडते. १९५०च्या ऑक्टोबरात, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं. अमेरिकी सैन्यानं उत्तर आणि दक्षिण कोरियाला विभागणारी ३८वी अक्षांश रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. दक्षिण कोरियाच्या सैन्यानं ओलांडली तर गोष्ट वेगळी, असं त्यांनी सांगितलं. रेषा, अट, अपवाद, सगळं त्यात होतं. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोचला. तिथं पणिक्कर हे चीनच्या बाजूचे, म्हणून अविश्वासू समजले जात. शिवाय बीजिंग तेव्हा अमेरिकेच्या नावानं रोजच डरकाळ्या फोडत होतं. त्यातलीच ही एक, असं समजून अमेरिकी सैन्य पुढे गेलं. त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी ओलांडून कोरियात उतरल्या. शस्त्रसंधी व्हायला जुलै १९५३ उजाडला. रोज ओरडणाऱ्याचा खरा इशाराही ओरडण्यातच जमा होतो.

इराणचं प्रकरण थोडक्यात. डिसेंबर २००१मध्ये बॉनच्या परिषदेत अफगाणिस्तानचं नवं सरकार बसवताना इराणनं अमेरिकेला मदत केली. जेमतेम दोन महिन्यांत, २९ जानेवारी २००२च्या भाषणात, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी इराणला इराक आणि उत्तर कोरियाच्या जोडीनं दुष्टांच्या टोळीत बसवलं. हे वाक्य अमेरिकी जनतेसाठी होतं. तेहरानमध्ये मात्र त्यानं अमेरिकेशी बोलू पाहणाऱ्यांची तोंडं बंद केली आणि ‘आम्ही सांगत नव्हतो?’ म्हणणाऱ्यांना बळ दिलं.

मग गर्जना नेहमी वाईटच का? मला तसं वाटत नाही. अमेरिकी अभ्यासक जेम्स फिअरन यांनी १९९४मध्ये मांडलं की जाहीरपणे बोललेल्या शब्दाला नेता बांधला जातो. मागे हटला तर घरी नाचक्की होते, म्हणूनच समोरचा त्या शब्दावर विश्वास ठेवतो. बंद खोलीतल्या शब्दाला हे वजन नसतं. पण याच बांधिलकीत माणूस अडकतो. १९६२च्याच त्या ऑक्टोबरात, आपल्याकडे युद्ध पेटलेलं असताना, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्यूबातली रशियन क्षेपणास्त्रं हटवण्याबद्दल टीव्हीवरून कडक भाषण केलं. पडद्यामागे मात्र तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं कबूल केलं, आणि हे गुप्त राहील ही अट घातली. जाहीर शब्द इतके ताठ होते की तडजोड लपवूनच करावी लागली.

आणि कधी कधी ज्यानं जास्त गर्जना केली, त्यालाच हात पुढे करणं सोपं जातं. साम्यवाद्यांविरुद्ध आयुष्यभर बोललेले निक्सन १९७२च्या फेब्रुवारीत बीजिंगला गेले. दुसरा कुणी गेला असता तर त्याला देशद्रोही ठरवणाऱ्यांत निक्सनच पुढे असते. वाजपेयींनी २२ मे २००२ला कुपवाड्यात जवानांपुढे निर्णायक लढाईची वेळ आल्याचं सांगितलं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, १८ एप्रिल २००३ला, श्रीनगरच्या सभेत पाकिस्तानपुढे मैत्रीचा हात केला. नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली, जानेवारी २००४मध्ये इस्लामाबादचं संयुक्त निवेदन आलं. मऊपणाचा आरोप त्यांना चिकटणार नव्हता, हे त्यांचं भांडवल होतं. पण भांडवल खर्च करायची तयारी लागते. नुसतं साठवत राहिलं तर पुढची निवडणूक तेवढी निघते.

तेव्हा बातमी वाचताना आवाजापेक्षा पत्ता पाहावा. बोलणारा कोण: प्रचारातला मंत्री, की परराष्ट्र सचिव, प्रवक्ता, लष्करी कारवाईचा महासंचालक? समोर कोण होतं? वाक्यात ‘जर’ आहे का? राजदूताला बोलावून समज दिली, दूतावासातली माणसं कमी केली, व्हिसा रद्द केले, असं काही सोबत आहे का? आणि एरवी अघळपघळ बोलणारं सरकार अचानक शब्द मोजू लागलं, तर ते नक्की वाचावं. ७ मे २०२५च्या पहाटे भारतानं ‘ऑपरेशन सिंदूर’ ही कारवाई ‘मोजकी’ आणि ‘संघर्ष न वाढवणारी’ असल्याचं सांगितलं होतं. ८ मेच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं जाहीर करून टाकलं, जे झालंच नव्हतं. १० मेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी महासंचालकांचा आपल्या महासंचालकांना फोन आला आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं. त्या फोनवर कुणी कविता म्हटली नसणार.

दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, या केंद्रांवर हल्ला करायचा नाही या १९८८च्या करारानुसार. १९९२पासून हा रिवाज आहे. कारगिलनंतर चुकला नाही, संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा सीमेवर उभ्या असतानाही चुकला नाही, बालाकोटनंतरही नाही. १ जानेवारी २०२५ला ती चौतिसावी वेळ होती. बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. २ जानेवारीचा पेपर हातात आला की शोधून पाहा.