मुशी आणि गिटार मासा: आधी पोट बघा

सातारा-सांगलीकडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला समुद्र भेटतो तो बहुतेक फॉर्मॅलिनच्या बरणीतच. प्रॅक्टिकलच्या स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेला, स्कोलिओडॉन, म्हणजे आपली मुशी, आणि गिटार मासा शेजारीशेजारी आले की निम्मी पोरं दोन्हीकडे 'शार्क' लिहून मोकळी होतात. त्यांना फार दोष देता येत नाही. गिटार माशाचा मागचा अर्धा भाग खरंच मुशीसारखा असतो: जाड शेपूट, पाठीवर दोन पर. पोहतोही तो शेपटीच्याच जोरावर.

फरक कल्ल्यांत आहे. मुशीच्या कल्ल्यांच्या पाच चिरा डोक्याच्या बाजूला दिसतात, गिटार माशाच्या पोटाकडून. त्याचे छातीचे पर पुढे सरकून डोक्याच्या कडांना चिकटलेले असतात, म्हणून चिरांना बाजूला जागाच उरत नाही. ही पाकटाची, म्हणजे चपट्या 'रे' माशांची खूण, आणि गिटार मासा त्याच गटातला. दोघेही कास्थिमत्स्य (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले मासे) खरे, पण मुशी शार्कांच्या फांदीवर आणि हा पाकटांच्या. बरणीत नमुना पोटाच्या बाजूने काचपट्टीला बांधलेला असेल तर मागे जाऊन बघा. तेही जमलं नाही तर शेपटीखाली पाहा: मुशीला गुदद्वारामागे एक पर असतो, गिटार माशाला तो नसतो. शिवाय मुशीच्या पाठीवरचा दुसरा पर अगदी बारका, गिटार माशाचे दोन्ही जवळपास सारखे आणि मागे शेपटीवर.

गिटार मासा तळाच्या वाळूत बसतो. तोंड खाली असल्यामुळे डोळ्यांमागच्या श्वासरंध्रांतून पाणी आत घेतो; मुशीला ही रंध्रं नसतात. दातही बोथट, खेकडे-कोळंबी चिरडण्याजोगे.

पिल्लं दोघांनाही जिवंतच होतात, पण खरी गंमत इथे आहे. गिटार माशाचं पिल्लू आईच्या पोटात मुख्यतः अंड्यातल्या बलकावर वाढतं. मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नाहीच. तिचं पिल्लू चक्क वारेतून पोसलं जातं. मला तर परीक्षेत याच्यावरच प्रश्न यावा असं वाटतं.

वर्गीकरणाचं म्हणाल तर जुन्या बरण्यांवरचं गिटार माशाचं नाव 'रायनोबॅटस ग्रॅन्युलॅटस' आता ग्लॉकोस्टेगस ग्रॅन्युलॅटस झालंय. 2016 मध्ये ग्लॉकोस्टेगसचं स्वतंत्र कुळच (फॅमिली) केलं गेलं. गणात (ऑर्डरमध्ये) त्यांच्या सोबतीला करवत मासाही आहे. तोही पाकटांतलाच, हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहून ठेवायला हरकत नाही.

भारताच्या किनाऱ्यावरची ही जात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ग्लॉकोस्टेगस 2019 साली आला, गिटार माशांचंच दुसरं कुळ रायनोबॅटिडी 2022 साली. तेव्हा नवा नमुना मिळण्याची वाट पाहू नका. जुनी बरणीच जपा, फॉर्मॅलिन वेळेवर बदला आणि लेबल तेवढं नवं लावा.