वेबसाइट वेगवान करणं आणि हलकी करणं

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद-बेदाण्याच्या पेढीची वेबसाइट आहे. गुगलच्या पेजस्पीड या चाचणीत तिला १०० पैकी ९४ गुण मिळालेत, त्यामुळे मालक आणि साइट बनवणारा दोघंही निर्धास्त. तेच पेज जतकडच्या एखाद्या शेतकऱ्यानं पाच वर्षं जुन्या मोबाइलवर उघडून खालपर्यंत सरकवलं, की ११ एमबी डेटा जातो, मोबाइल तापतो आणि शेवटचे फोटो येईपर्यंत ब्राउझर अडखळायला लागतो. चाचणीचं काही चुकलेलं नाही. ती वेग मोजते. एकूण किती माल उतरला याची नोंद ती अहवालात देते, पण गुण देताना तो आकडा थेट धरत नाही.

वेगाचे निकष ठरलेले आहेत: पडद्यावरचं मुख्य चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, लोड होताना मजकूर वरखाली उडू नये. वजन म्हणजे पेजमागे किती बाइट नेटवरून आले आणि ते उलगडायला मोबाइलला किती राबावं लागलं. पर्यावरणाच्या दृष्टीनं हा दुसरा आकडा महत्त्वाचा. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं, की मोबाइलच्या एकूण कार्बनपैकी बहुतांश तो वापरण्याआधीच, तयार होताना खर्ची पडलेला असतो. जड साइट आणि जड ॲप यांच्यामुळे चांगला चालणारा फोन ‘हँग होतो’ म्हणून बाद केला जातो, तिथं खरं नुकसान आहे.

वेगाचे काही उपाय वजनाला हातही लावत नाहीत. सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साइटच्या प्रती ठेवणारी सेवा, घेतली की फोटोची प्रत अमेरिकेऐवजी मुंबईच्या सर्व्हरवरून येते. फोटो मात्र तेवढाच राहतो, ४ एमबीचा. लेझी लोडिंगनं खालचे फोटो उशिरा मागवले जातात. वरच्या वर परत जाणाऱ्याचा डेटा त्यानं वाचतो, म्हणून ते ठेवावंच. पण शेवटपर्यंत बघणाऱ्यासाठी बेरीज बदलत नाही. प्रीफेच तर उलट्या दिशेला जातं: ग्राहक पुढं कुठं जाईल याचा अंदाज बांधून ती पेजेस आधीच उतरवून ठेवायची. वेग वाढतो, आणि कुणी न उघडलेल्या पेजचाही डेटा जातो. ज्या साइटचे ग्राहक दिवसाच्या डेटा पॅकवर चालतात, तिथं प्रीफेच बंद ठेवावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

हलकी पण संथ साइटही असते. पेज दीडशे केबीचं, पण सर्व्हर लांब, डेटाबेस सुस्त, आणि पत्ता टाकल्यावर दोन-तीन रीडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणी. हे दुरुस्त करणं सोपं आहे.

वजन बहुतेक वेळा फोटोंमध्ये लपलेलं असतं. बेदाण्याचा मोबाइलनं काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. पेजवर त्याची जागा ४०० पिक्सेल रुंद. दाट पडद्यासाठी दुप्पट धरली तरी ८०० बाय ६०० पुरतं, म्हणजे ४ लाख ८० हजार, पंचवीसपट कमी. अनेकजण मोठाच फोटो वेबपीमध्ये, म्हणजे फाइल लहान ठेवणाऱ्या फोटोच्या स्वरूपात, बदलून मोकळे होतात. फाइल लहान होते, पण दाखवताना फोटो पुन्हा उलगडतो आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: मोठ्या फोटोला सुमारे ४८ एमबी मेमरी, लहानाला २ एमबीपेक्षा कमी. दोन जीबी रॅमचा फोन का अडखळतो, याचं उत्तर या हिशेबात आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मापाला कापा, मग वेबपी ७५ च्या आसपासच्या क्वालिटीला, आणि शेवटी हळदीचा रंग फिका पडला नाही ना ते डोळ्यांनी बघा. पेजच्या एचटीएमएल कोडमध्ये फोटोची रुंदी-उंची लिहायला विसरू नका, नाहीतर मजकूर उडतो.

मराठी साइटला फॉन्टचं वजन वेगळं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षा बराच जड असतो, आणि ठळक, मध्यम, बारीक अशी प्रत्येक फाइल वेगळी उतरते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचा नोटो हा देवनागरी फॉन्ट आधीच असतो. मुख्य मजकुराला तोच वापरला तर काहीच उतरत नाही. शीर्षकाला स्वतःचा हवाच असेल तर एकच जाडी घ्या, वॉफ-टू या वेबसाठीच्या दाबून लहान केलेल्या स्वरूपात, आणि नको ती अक्षरं कापा. कापताना गडबड होते ती इथं: हिंदी मजकुरावरून यादी काढली की ‘ऱ’ गळतो, आणि ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाच्या मधलं अक्षर भलत्याच फॉन्टमध्ये दिसतं. ‘ळ’ आणि ‘ॲ’ यांचंही तेच. युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा गट अख्खा ठेवा, त्यासोबत २००सी आणि २००डी ही अक्षरं तोडणारी-जोडणारी न दिसणारी चिन्हंही, आणि फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम काढू नका. मग ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘कृष्णा’ असे शब्द टाकून तपासा.

वजन मोजायला कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क उघडा, ‘डिसेबल कॅशे’वर खूण करा (कॅशे म्हणजे आधी उतरवून साठवलेली प्रत), पेज पुन्हा लोड करा आणि सावकाश तळापर्यंत न्या. खालच्या पट्टीत ‘ट्रान्सफर्ड’ हा नेटवरून आलेला आकडा, ‘रिसोर्सेस’ हा उलगडल्यानंतरचा. जावास्क्रिप्टसाठी, म्हणजे पेजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, दुसराही बघा, कारण फोनला ती उलगडलेलीच वाचावी लागते. आकारानुसार क्रम लावला की दोषी फाइली वरच दिसतात. कुणी न वापरलेला चॅटचा डबा आणि आपोआप फिरणारा स्लायडर हमखास सापडतो. कार्बनचे ग्रॅम सांगणारी कॅल्क्युलेटरं बाइटला सरासरीनं गुणतात, त्यामुळे तो अंदाज समजावा. साइट बनवून घेताना मर्यादा वजनाचीच लिहून घ्या: आमच्या मते पेजला ५०० केबी, त्यात जावास्क्रिप्ट १०० केबीच्या आत.

पावसाळ्यात वेग आणि वजन यांतला हा फरक जीवावरचा होतो. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पाणी चढत असताना वीज गेलेली, चार्जिंग उतरलेलं, टॉवरवर गर्दी. अशा वेळी पातळीचं रंगीत पोस्टर ३०० केबीचं असतं. तीच माहिती साध्या मजकुरात लिहिली तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला ३ बाइट धरूनही ३०० खुणांचा मजकूर १ केबीच्या आत बसतो, आणि अंध माणसाचा फोन तो वाचूनही दाखवतो. मात्र वेगासाठी लावलेला कॅशे या पेजवर घात करतो: तासाभरापूर्वीचे ३९ फूट क्षणात दिसतात आणि माणूस घरातच थांबतो. कॅशेची मुदत पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि आकड्याशेजारी मोजणीची वेळ मजकुरातच छापा.