मगो पक्षातील नेतृत्वबदल

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) हा १९६३ मध्ये स्थापन झालेला गोव्यातील प्रादेशिक पक्ष. निवडणूक चिन्ह सिंह. पक्षाला अध्यक्ष आणि केंद्रीय समिती आहे. तरी नेता कोण, याचा निकाल बहुतेक वेळा आमदारांच्या गटातच लागत आला.

अपवाद पहिलाच. डिसेंबर १९६३ ची निवडणूक दयानंद बांदोडकर यांनी लढवलीच नव्हती. तरी निकालानंतर मुख्यमंत्री तेच झाले आणि विधानसभेवर नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून आले. 'भाऊसाहेब' म्हणजेच पक्ष, अशी स्थिती असल्याने पर्यायी नेतृत्व घडलेच नाही. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचे महाराष्ट्रातील विलीनीकरण फेटाळले गेले, म्हणजे पक्षाचा मूळ मुद्दाच निकालात निघाला. तरीही पुढच्या निवडणुकीत मगोच सत्तेवर आला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच बांदोडकरांचे निधन झाले आणि मंत्रिमंडळात आधीपासून असलेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे लगोलग सूत्रे गेली. गोव्याच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. याला निव्वळ घराणेशाही म्हणणे अपुरे ठरते: १९७७ ची निवडणूक 'ताईं'नी स्वतःच्या नेतृत्वाखाली जिंकली. मात्र काठावरचे बहुमत स्वपक्षीयांच्याच फुटीने गेले आणि एप्रिल १९७९ मध्ये सरकार कोसळले. १९८० च्या पराभवानंतर ताईच काँग्रेसमध्ये गेल्या. मागे उरलेल्या रमाकांत खलप यांनी पक्ष सावरला. १९९० मध्ये मगोचे १८ आमदार निवडून आले आणि तोवर परतलेल्या काकोडकर शिक्षणमंत्री झाल्या. पुढे खलपही काँग्रेसवासी झाले.

नंतर पक्ष फोंडा तालुक्यातील ढवळीकर बंधूंभोवती एकवटला: दीपक अध्यक्ष, तर सुदिन विधिमंडळातील चेहरा. ही वाटणी सोयीची खरी, पण आमदार मोजकेच असले की पक्षांतरबंदी कायद्यातील, दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठीची दोन-तृतीयांश आमदारांची अट पुरी व्हायला वेळ लागत नाही. मार्च २०१९ मध्ये मध्यरात्रीनंतर तीनपैकी मनोहर आजगावकर व दीपक पाऊसकर या दोघांनी गट भाजपमध्ये विलीन केल्याचे पत्र दिले. सुदिन एकटे उरले, उपमुख्यमंत्रिपदही गेले. अध्यक्ष आणि केंद्रीय समिती जागच्या जागी होती, पण हा निर्णय त्यांच्या हाती नव्हताच. २०२२ मध्ये सुदिन ढवळीकर आणि जीत आरोलकर असे दोन आमदार निवडून आले आणि मगो पुन्हा भाजपच्याच सरकारात सामील झाला.