मोगल्स, पुरुषांची स्पर्धा (फ्रीस्टाइल स्कीइंग)

बर्फाच्या तीव्र उतारावर रचलेल्या उंचवट्यांच्या रांगांमधून आखूड वळणे घेत आणि वाटेत दोन उड्या मारत खाली येण्याचा फ्रीस्टाइल स्कीइंगमधील एक क्रीडाप्रकार. पुरुषांसाठी तो जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९८६ पासून (तीन्य, फ्रान्स), तर ऑलिंपिकमध्ये पदकासाठी १९९२ पासून खेळला जातो. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये त्याचे केवळ प्रात्यक्षिक झाले होते. पूर्वी याच कुटुंबातला असलेला स्की बॅले (संगीताच्या तालावर स्कीवरून केलेले नृत्य) हा प्रकार २००० च्या सुमारास स्पर्धांतून नाहीसा झाला.

उगमाबाबत एकवाक्यता नाही. एक परंपरा नॉर्वेकडे बोट दाखवते. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचे सुवर्णपदक मिळवणारा स्टाइन एरिक्सन पुढे अमेरिकेतील हिमक्रीडा केंद्रांवर हवेतील कोलांट्या करून दाखवी; त्याला अनेक जण या खेळाचा जनक मानतात. काही अभ्यासक आणखी मागे जाऊन, १९२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रिट्झ रॉयल या जर्मन स्कीपटूने मांडलेल्या एका पायावरील वळणापर्यंत धागा नेतात. मात्र या दोन्ही गोष्टींचा संबंध मुख्यत्वे कसरतीशी, म्हणजे आजच्या एरियल्स (उंच उडीतील हवाई कसरती) व आता बंद पडलेल्या बॅले या शाखांशी येतो. उंचवट्यांवरून बेधडक उतरण्याची चुरस वाढली ती १९६० च्या दशकातील अमेरिकेत, ‘हॉट-डॉग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुण स्कीपटूंमध्ये. मोगल्सपुरते बोलायचे तर हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या स्पर्धेचा मानही दोन ठिकाणांना दिला जातो: न्यू हॅम्पशरमधील ॲटिटॅश (१९६६) आणि त्याच राज्यातील वॉटरव्हिल व्हॅली (१९७१). कालक्रमाने पहिले स्थळ आधीचे. पण खेळाला निश्चित आकार येऊ लागला तो दुसऱ्यानंतर. उड्यांमधील गंभीर दुखापतींमुळे १९७० च्या दशकात खेळावर टीकेचे सावट होते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने (फिस) १९७९ मध्ये मान्यता देऊन नियम घातले आणि १९८० मध्ये विश्वचषक मालिका सुरू झाली.

उंचवटे नैसर्गिक उतारावर आपोआप तयार होतात. एकाच जागी अनेकांनी वळणे घेतली की स्कीच्या कडेने खरवडलेला बर्फ साचत जातो, पुढचा स्कीपटू त्या ढिगाला वळसा घालतो आणि ढीग वाढतो. यातली गंमत अशी, की माणसे खाली जात असली तरी उंचवटे वर सरकतात. वळणारा स्कीपटू उंचवट्याच्या खालच्या अंगाचा बर्फ खरवडून त्याच्या खालच्या उंचवट्याच्या वरच्या अंगावर टाकतो. प्रत्येक ढिगाची खालची बाजू झिजते, वरची भरते. कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे केलेल्या निरीक्षणांत हा वेग दिवसाला सुमारे ८ सेंमी. आढळला. स्पर्धेतले उंचवटे मात्र यंत्राने बर्फ लोटून, साधारण ३.५ मी. अंतराने बांधतात आणि नंतर स्कीपटूंकडून घोटून घेतात.

मार्गाची लांबी साधारणपणे २०० ते २७० मी. आणि उतार २४ ते ३२ अंश असतो. एक फेरी २५ सेकंदांच्या आसपास संपते. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला उड्या आणि घड्याळ ठळक दिसतात. गुणदानाचा कल मात्र वेगळा आहे. १०० पैकी ६० गुण वळणांना, २० उड्यांना व २० वेगाला. पूर्वी ही विभागणी ५०, २५, २५ अशी होती. वळणांसाठी पाच परीक्षक असतात. त्यांपैकी सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरली जाते. उड्यांचे दोन परीक्षक वेगळे असून त्यांचे गुण काठिण्य गुणांकाने गुणले जातात. वेगाचे गुण मार्गाच्या लांबीवरून ठरवलेल्या प्रमाण वेळेशी तुलना करून मिळतात.

वळणांत पाहिले जाते ते असे: स्कीपटू उताराच्या सरळ रेषेतून बाजूला जातो का, दोन्ही स्की जोडलेल्या राहतात का, आणि गुडघे धक्का कसा पचवतात. सिंहगड रस्त्यावरचे गतिरोधक दुचाकीचे शॉक ॲब्झॉर्बर पचवतात तसे काम इथे गुडघ्यांना करावे लागते; उंचवट्यावर पाय छातीकडे दुमडतात, खळग्यात पूर्ण लांबतात, आणि खांदे व डोके जवळजवळ एका पातळीत राहतात. म्हणूनच अनेक स्पर्धक विजारीच्या गुडघ्यांवर भडक, विरोधी रंगाचे ठिगळ लावतात. खालून पाहणाऱ्या परीक्षकाला दोन ठिपके एकत्र हलताना दिसले पाहिजेत. एक जरी बाजूला फाकला तरी ते लपत नाही. उडीनंतर जिथे पाय टेकतात तो पट्टा स्वयंसेवक दोन फेऱ्यांच्या मध्ये फावड्याने उकरून मऊ करतात.

उड्यांचा नियम हा खेळातील जुना वाद. डोके पायांच्या खाली जाणाऱ्या उड्यांना दीर्घकाळ बंदी होती. १९९८ चा ऑलिंपिक विजेता जॉनी मोझली (अमेरिका) याने २००२ मध्ये नियमाच्या काठावरची, जवळजवळ आडवी होऊन दोन फेरे घेणारी उडी मारली. ती वैध ठरली, पण तो चौथा आला. त्यानंतर लवकरच बंदी उठली आणि आज तिरप्या अक्षावरचे दोन-तीन फेरे नित्याचे झाले आहेत.

जागतिक अजिंक्यपद १९८९ पासून विषम वर्षी भरते. फ्रान्सचा एडगार ग्रोस्पिराँ (१९८९, १९९१, १९९५) व कॅनडाचा जाँ-ल्यूक ब्रासार (१९९३, १९९७) यांनी पहिले दशक गाजवले. मग फिनलंडचे पर्व आले. १९९९ पासून दोघे शेजारी-शेजारी उतरतात तो दुहेरी मोगल्स प्रकारही सुरू झाला. ऑलिंपिकमध्ये तो २०२६ मध्ये आला. २०१७ मध्ये सिएरा नेवाडात जपानच्या इकुमा होरिशिमाने दोन्ही सुवर्णपदके घेतली. २०१९, २०२१ व २०२३ या तिन्ही वेळा तीच किमया कॅनडाच्या मिकाएल किंग्सबरीने केली. त्याला या खेळातील सर्वश्रेष्ठ मानण्याकडे कल आहे. तरीही २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा वाल्टर वालबेरी ८३.२३ गुणांसह त्याच्या (८२.१८) पुढे गेला.

ऑलिंपिकच्या मोगल्समध्ये भारतीय स्पर्धक उतरलेला नाही. स्कीइंगमधील भारतीय सहभाग प्रामुख्याने अल्पाइन व क्रॉस-कंट्री प्रकारांत आहे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाने १९९४ ची राष्ट्रीय व २००८ ची राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा पाहिली असली, तरी हिमक्रीडा पुण्याच्या हवामानात बसत नाहीत. शहरातल्या गिर्यारोहणाच्या वर्तुळातून काही जण गुलमर्ग, औली व मनाली येथील स्कीइंगच्या अभ्यासवर्गांना जातात. तिथे प्राथमिक वर्गात स्कीची टोके जुळवून वेग आवरणे आणि रुंद वळणे घेणे शिकवले जाते. उंचवट्यांवरचे स्कीइंग त्या पाठ्यक्रमाच्या बरेच पुढचे आहे.