यूएसबी माईक कम्प्युटरला दिसत नाही? दुकानात आणण्याआधी एवढे करून पाहा

पंचवीस-तीस किलोमीटरवरून एसटीने माईक घेऊन यायचे आणि तो इथे पहिल्याच झटक्यात सुरू व्हायचा, असे आमच्या ग्राहकांसोबत अनेकदा होते. तुमची ती खेप वाचावी म्हणून हे लिहितो आहोत.

सगळ्यात आधी वायर बदला. गेल्या हंगामात एका खंजेरी भजन मंडळाने माईक आणला. त्यावरचा दिवा लागत होता, पण कम्प्युटरला पत्ताच नव्हता. वायर मोबाईलच्या चार्जरची निघाली. साध्या यूएसबी वायरमध्ये चार तारा असतात: दोन करंटच्या, दोन डेटाच्या. काही स्वस्त चार्जिंग वायरमध्ये डेटाच्या ताराच नसतात. म्हणून दिवा लागला म्हणजे वायर चांगली, असे समजू नका. तीच वायर मोबाईलला बसत असेल तर मोबाईल कम्प्युटरला जोडा. नुसता चार्ज होत असेल आणि फाईल ट्रान्स्फरचा पर्याय येतच नसेल, तर बहुतेक वायरच तशी आहे.

मग टॉर्च मारून पोर्टमध्ये, म्हणजे वायर जिथे लावतो त्या खाचेत, पाहा. आपल्याकडे कापूस घरात भरला की त्याचे तंतू आणि धूळ आत जाऊन बसते आणि पिन पूर्ण टेकत नाही. कम्प्युटर बंद करून खराट्याच्या कोरड्या काडीने हलक्या हाताने काढा. सुई किंवा पिन अजिबात घालू नका. यूएसबी हब (एका पोर्टला अनेक वायरी लावायची डबी) असेल तर त्यातून काढून माईक थेट लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला.

लाईन गेल्या-आल्यानंतर बिघडले असेल तर शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करा. विंडोज 10 आणि 11 मध्ये फास्ट स्टार्टअप (कम्प्युटर लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल, तर शट डाउनने सगळे नव्याने सुरू होत नाही.

कधी माईक ओळखलेला असतो, फक्त आवाज येत नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोनची परवानगी चालू करा आणि साउंडमध्ये इनपुट म्हणून आपलाच माईक निवडा. लॅपटॉपचा आतला माईक निवडलेला राहतो, ही चूक फार होते.

बहुतेक यूएसबी माईकला वेगळा ड्रायव्हर (माईक चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाही. इंटरनेटवरून ‘ड्रायव्हर’ म्हणून काहीही उतरवून घेऊ नका, त्यातून व्हायरस येऊ शकतो.

एवढ्यावरही दिसला नाही, तर दुसऱ्या कम्प्युटरला लावून पाहा. तिथेही नाही दिसला तर मात्र घेऊन या, आणि येताना वायर नक्की सोबत आणा.