बांधकाम क्षेत्रातील आयटीआय प्रशिक्षण : महिलांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेश अर्ज

बांधकामावर घमेली उचलणाऱ्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या दिसत आल्या आहेत. पण ज्या हातात थापी आणि ओळंबा असतो तो कारागिराचा हात मानला जातो आणि त्याची मजुरीही बिगाऱ्यापेक्षा जास्त असते. त्या कौशल्याचे सरकारमान्य प्रमाणपत्र मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अर्थात आयटीआय. महाराष्ट्रात हे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत, दहावीच्या निकालाच्या सुमारास, केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात.

प्रवेशासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. कमाल वयोमर्यादा नाही, त्यामुळे लग्नानंतर किंवा मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या स्त्रीलाही अर्ज करता येतो. शैक्षणिक पात्रता ट्रेडनुसार, म्हणजे निवडलेल्या व्यवसायाच्या अभ्यासक्रमानुसार, बदलते. आरेखक स्थापत्य (बांधकामाचे नकाशे काढणे) या २ वर्षांच्या ट्रेडला विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते, तर १ वर्षाच्या गवंडी ट्रेडला दहावी अनुत्तीर्ण मुलींनाही प्रवेश मिळू शकतो. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गातील जागांमध्येच राखीव वाटा, आहे. केवळ मुलींसाठीच्या संस्थेत हवा तो ट्रेड नसला, तर जवळ मिळतो म्हणून दुसराच ट्रेड घेण्यापेक्षा सर्वसाधारण संस्थेतील या राखीव जागांचा विचार आधी करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

कागदपत्रांमध्ये दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि बँक पासबुक जवळ ठेवावे; आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीचा दाखला आणि लागू असेल तेथे मुदतीतील नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्रही लागते. विवाहित स्त्रियांची खरी अडचण नावाची असते. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पासबुकावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले नाव, अशी स्थिती असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचे राजपत्र सोबत असावे. जात विवाहाने बदलत नाही, म्हणून जातीचा दाखला वडिलांकडील कागदपत्रांच्या आधारे निघतो. नॉन-क्रिमिलेअरसाठीही पतीचे नव्हे, तर आई-वडिलांचे उत्पन्न व स्थिती पाहिली जाते. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असल्यास हे दाखले गोळा करण्यात बरेच दिवस जातात, तेव्हा अर्जाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता हे काम सुरू करावे.

अर्ज संकेतस्थळावर भरून शुल्क भरल्यानंतर मूळ कागदपत्रांसह आयटीआयमध्ये जाऊन तो निश्चित करून घ्यावा लागतो. ही पायरी राहिली तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही. त्यानंतर संस्था आणि ट्रेड यांचे विकल्प पसंतीक्रमाने भरायचे असतात. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाल्यास तो प्रवेश घेणे बंधनकारक असते, अन्यथा पुढच्या फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणून रोज जाऊन येणे जमेल अशीच संस्था आणि मनापासून हवा असलेलाच ट्रेड वरच्या जागी ठेवावा.

ज्या स्त्रिया आधीपासून बांधकामावर काम करतात, त्यांनी प्रवेशाच्या जोडीने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीचाही विचार करावा. या नोंदणीसाठी वय १८ ते ६० वर्षे आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचे प्रमाणपत्र लागते.

प्रशिक्षण पूर्ण करून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अंतर्गत विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. दहावीनंतर २ वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलींना अभियांत्रिकी पदविका अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठीही अर्ज करता येतो.